मनीला अचानक धाप लागली आहे, पोट भात्यासारखं हलतंय. कृपया लवकर सांगा

अबोली | शुक्रवार, रात्री ११:४८

घाईत लिहितेय, चुका समजून घ्या. आमची मनी मांजर सहा वर्षांची. गावठीच, पांढऱ्या अंगावर करडे ठिपके. आज संध्याकाळपासून तिचा श्वास वेगळाच चाललाय. स्वयंपाकघरात ओट्याखाली सिलिंडरच्या मागे जाऊन बसली आहे. कोपरं बाहेर काढलीत, मान पुढे ताणलीय, आडवी होतच नाही. बाजूने बघितलं की पोट लोहाराच्या भात्यासारखं आत-बाहेर होताना दिसतं. तोंड बंद आहे. नाक वाहत नाही, शिंका नाहीत. दुपारपासून खाल्लं नाही. मांदेली उकडून ठेवली होती, वास घेऊन मान फिरवली.

गेले चार-पाच दिवस ती कपाटावर चढली नव्हती, खालीच झोपत होती. मला वाटलं थंडीमुळे असेल.

इथल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले गॅस धरला असेल, सकाळी दहाला आणा. आम्ही साताऱ्यात आहोत. नवरा बाहेरगावी आहे, घरी मी आणि सासूबाई. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

चिंचगूळ | ११:५३

अबोली, आधी श्वास मोज. तिला हात लावू नकोस, लांबूनच बघ. पोट एकदा वर आणि एकदा खाली मिळून एक श्वास. मोबाईलवर ३० सेकंद लाव आणि आकडा दुप्पट कर. ती गुरगुरत असेल तर ते थांबेपर्यंत थांब, गुरगुरताना आकडा चुकतो. शांत बसलेल्या किंवा झोपलेल्या मांजराचे मिनिटाला साधारण १५ ते ३० असतात.

दत्ता_बेळगाव | ११:५५

वाफ देऊन बघा ताई. गरम पाण्यात निलगिरीचे दोन थेंब टाकून. आमच्याकडे पिल्लांना सर्दी झाली की करतो.

माळरान | ११:५८

मी पशुवैद्य आहे, पुण्यात कुत्र्या-मांजरांचंच काम बघते.

दत्ताजी, वाफ नको आणि निलगिरी तर अजिबात नको. ही सर्दी नाही. निलगिरी, कापूर, छातीला चोळायचे बाम हे सगळं मांजराला विषारी आहे. कोंडलेल्या गरम हवेत तिची धाप आणखी वाढेल.

अबोलीताई, घरात पॅरासिटामॉल असेल तर चुकूनही देऊ नका. माणसाचं यकृत ते औषध ज्या पद्धतीने निकामी करतं, ती सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. आज ती औषधं सांडलेल्या जागी गेली होती का, तेवढं आठवून बघा.

आकडा कळवा.

अबोली | शनिवार, रात्री १२:०२

दोनदा मोजले. ५८ आणि ६०. औषधं कपाटात बंद असतात, तिथे ती जात नाही.

माळरान | १२:०४

मग सकाळची वाट बघायची नाही. आत्ता निघायचं.

का ते थोडक्यात सांगते, म्हणजे घरच्यांनाही सांगता येईल. कुत्रं धापा टाकतं ते अंग थंड करायला. मांजर सहसा तसं करत नाही. पळापळीनंतर पिल्लू मिनिटभर तोंड उघडून धापेल, तेवढं सोडून द्या. बसल्या जागी साठच्या आसपास श्वास, कोपरं बाहेर, आडवं न होणं याचा अर्थ ती मिळेल तेवढी हवा ओढतेय आणि तिला ती पुरत नाहीये. तोंड उघडलं तर त्यापुढची पायरी.

साताऱ्यात रात्री ऑक्सिजन देऊ शकेल असं कोणी आहे का, दोन-तीन फोन करून बघा. नसेल तर पुणे.

अबोली | १२:११

दोन ठिकाणी रिंग वाजली, कोणी उचलला नाही. तिसरे म्हणाले ऑक्सिजन नाही, पुण्यालाच न्या. समोरचे काका गाडी काढतायत. त्यांच्या वडिलांचा घरी छोटा ऑक्सिजन सिलिंडर असतो, तो घेऊ का?

माळरान | १२:१३

घ्या. नळी पिंजऱ्याच्या जाळीतून आत सोडा. मास्क तोंडावर दाबू नका, झटापट झाली तर तीच जिवावर बेतेल. गाडीत कोणी सिगारेट, काडी पेटवायची नाही. पिंजऱ्याचं झाकण वरून निघतं का? मग ते काढून तिला दोन्ही हातांनी खालून उचलून आत ठेवा. टॉवेलमध्ये गुंडाळू नका, छाती आवळली जाते. पाणी, दूध, औषध काही तोंडात घालू नका. पिंजऱ्यावर अर्धं कापड टाका, गाडीत एसी लावा, गाणी बंद.

दोन तासांचा प्रवास धोक्याचा आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण घरी थांबण्यात धोका जास्त आहे. निघताना पुण्यातल्या रात्रपाळीच्या दवाखान्याला फोन करून एवढंच सांगा: मांजराला श्वास लागलाय, पोहोचल्या पोहोचल्या ऑक्सिजन लागेल. नंबर तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.

अबोली | १२:२६

निघालो.

शिरीष_ठाणे | १:४०

जागा आहे. काही कळलं का?

चिंचगूळ | २:५५

मीही. अबोली, जमेल तेव्हा एक शब्द लिही.

अबोली | पहाटे ५:२०

मनी आहे. काचेच्या पेटीत आहे, ऑक्सिजनवर. आत्ता पहिल्यांदा पाय पसरून आडवी झाली.

सुरुवातीपासून लिहिते, कारण मला झोप येणार नाही आणि कोणाला तरी सांगायचंय. सुरूरपर्यंत ती शांत होती. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो आणि दिव्याच्या उजेडात मला तिचं तोंड उघडं दिसलं. जीभ एरवी गुलाबाच्या पाकळीसारखी असते, ती जांभळट राखाडी झाली होती. मी नळी जाळीतून आणखी आत सरकवली. काकांना काही बोलले नाही, त्यांनी घाबरून गाडी पळवली असती. शिरवळ गेलं, कात्रज आला. त्या सगळ्या वाटेत मी मोजतच होते, पण आकडे डोक्यात राहत नव्हते.

दवाखान्यात गेल्यावर वाटलं लगेच एक्सरे काढतील. त्यांनी तिला पिंजऱ्यासकट उचललं आणि ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं, बस. दहा मिनिटं कोणी हात लावला नाही. मी बाहेर रडत होते की कोणी काही करत का नाही. डॉक्टर येऊन म्हणाले, "ताई, आत्ता हिला टेबलावर आडवी करून धरलं तर ती माझ्या हातात जाईल. आधी श्वास सावरू दे." मग शांत करायचं एक इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने ती बसलेली असतानाच छातीला सोनोग्राफीची दांडी टेकवली. पडद्यावर मला काळं काळं दिसलं. ते पाणी होतं. फुप्फुसाच्या भोवती.

उजवीकडे रुपयाएवढी जागा भादरली. बरगड्यांमधून बारीक सुई घातली, लहान मुलांना सलाईन लावायला वापरतात तशी पंख असलेली. नळीतून फिकट गुलाबी पाणी सिरिंजमध्ये आलं. २० मिलीची सिरिंज भरायची, वाटीत रिकामी करायची, परत भरायची. दोन्ही बाजू मिळून १३० मिली. माझी मनी पावणेचार किलोची आहे. तिच्या एवढ्याशा छातीत आमच्या चहाच्या कपाएवढं पाणी होतं.

तिसऱ्या सिरिंजनंतर तिने तोंड मिटलं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पाण्याची तपासणी आणि हृदयाचा इको उजाडल्यावर करणार आहेत. माळरानताई, तुमचे उपकार कसे फेडू.

माळरान | ५:३४

उपकार काही नाहीत. तुम्ही वेळेत निघालात. पाणी काढणं हाच उपचार आणि हीच तपासणी, डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं.

पाणी कशाने झालं ते आता शोधावं लागेल. सहा वर्षांच्या मांजरात पहिला संशय हृदयावर. पू असेल तर जंतुसंसर्ग, दुधासारखं पांढरं असेल तर चरबीयुक्त लसिका, आणि गाठीमुळेही पाणी होतं. फिकट गुलाबी म्हणालात, म्हणजे हृदयाची बाजू जड वाटते.

रेवा_फोंडा | सकाळी ८:०५

मनी सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

माझा अनुभव लिहिते. दोन वर्षांपूर्वी माझ्या बोक्याला असंच पाणी झालं होतं, पण तो अकरा महिन्यांचा होता. त्याचं पाणी पिवळं, मधासारखं चिकट, बोटांत धरलं तर तार निघायची. त्याला एफआयपी नावाचा आजार निघाला. मांजरांतला कोरोना विषाणू बहुतेकांना नुसते जुलाब देतो, पण काहींच्या अंगात तो पालटतो आणि मग हे होतं. आपल्याला झालेल्या कोविडशी त्याचा संबंध नाही. पूर्वी एफआयपी म्हणजे संपलंच. आता जीएस-४४१५२४ नावाचं औषध आहे. आम्ही ८४ दिवस एक दिवस न चुकवता दिलं. तो आता सव्वापाच किलोचा आहे.

म्हणून कोणाचं मांजर दोन वर्षांच्या आतलं असेल आणि छातीत किंवा पोटात पाणी निघालं, तर डॉक्टरांना हा प्रश्न आवर्जून विचारा. नुसतं पाणी काढून घरी नेऊ नका.

शिरीष_ठाणे | ९:१०

पाणी नसतानाही असा श्वास लागू शकतो, म्हणून लिहितो. आमची चिमी चौथ्या मजल्यावरून पडली होती. पाय लंगडत होता, तेवढंच बघितलं, प्लास्टर घातलं. तीन आठवड्यांनी जेवल्यावर धाप लागायला लागली. एक्सरेत कळलं की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटलाय आणि आतड्याचा भाग छातीत सरकलाय. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या आवारात बसलेले ते चार तास मी विसरणार नाही. ऑपरेशन झालं, ती वाचली.

खिडक्यांना जाळ्या लावा. मांजर पडत नाही, तोल सावरतं, असं मीही समजत होतो. आणि पडलंच तर चालतंय का एवढं बघून थांबू नका, छातीचा एक्सरे मागून घ्या.

दत्ता_बेळगाव | ९:४५

ताई, काल रात्री मी वाफेचं सांगितलं ते चुकीचं होतं. मनी बरी होवो. माळरान मॅडम, वेळीच अडवलंत, बरं झालं.

आमच्या बोक्याबद्दल विचारायचं होतं. सात-आठ महिन्यांपासून तो महिन्यातून दोन-तीनदा जमिनीला पोट टेकून, मान लांब करून खोकतो. केसांचा गोळा काढतोय असं वाटतं, पण बाहेर काहीच येत नाही. मिनिटभराने उठून जेवायला जातो. हे काळजीचं आहे का?

माळरान | १०:२०

आहे. हे वाक्य मी दवाखान्यात आठवड्याला ऐकते: गोळा काढतो पण येत काही नाही. केसांचा गोळा येतो तो पोटातून, त्यात उमाळा असतो आणि शेवटी केस, पाणी काहीतरी पडतं. जमिनीला चिकटून, मान लांब करून, काही न पडता होतो तो खोकला. मांजरात असा वारंवार खोकला असेल तर पहिला विचार दम्याचा. हृदयाच्या आजारात मांजर सहसा खोकत नाही, तिथे कुत्र्याचे नियम लावू नका.

पुढच्या वेळी व्हिडिओ काढा. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल. छातीचा एक्सरे काढून घ्या. आपल्याकडे फुप्फुसातले जंतसुद्धा असाच खोकला देतात, म्हणून विष्ठाही तपासायला द्या.

आणि घरात काय जळतं ते बघा. अगरबत्ती, धूप, मच्छरची कॉइल, सिगारेट, खमंग फोडणीचा धूर. मांजराच्या शी-शूच्या पेटीतली वाळू ओतताना उडणारी धूळसुद्धा.

दत्ता_बेळगाव | १०:३२

कॉइल रोज रात्री लावतो. बोका त्याच खोलीत झोपतो. आजपासून बंद.

मीरा_वडोदरा | ११:१५

दत्ताजी, घाबरू नका. माझ्या राणीला दमा आहे, सहा वर्षं झाली. लहान मुलांना पंपाचं औषध देताना जी प्लास्टिकची नळी आणि बाळाचा मास्क वापरतात, तेच तिला लावते. आधी आठवडाभर नुसता मास्क जेवणाच्या ताटलीशेजारी ठेवला. मग नाकाला लावायचा आणि लगेच चिकनचा तुकडा. मग पंपाचा आवाज लांबून. पंधराव्या दिवशी तिने मास्कमध्ये आपणहून तोंड घातलं. आता मास्क लावून सात-आठ श्वास मोजते आणि काढते. रोजचं स्टिरॉइडचं औषध वेगळं आणि अटॅकच्या वेळचं वेगळं, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. अटॅकवालंच रोज देत राहिलं तर आतली सूज तशीच राहते.

अबोली | दुपारी ३:४०

इको झाला. हृदयच आहे. डाव्या बाजूची भिंत जाड झालीय, ७ मिमी. सहाच्या आत हवी म्हणाले. डावा वरचा कप्पा फुगलाय. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी असं कागदावर लिहिलंय. मेन कून, रॅगडॉल अशा जातींत हा आनुवंशिक असतो हे वाचलं होतं. डॉक्टर म्हणाले साध्या गावठी मांजरांतही भरपूर दिसतो. रक्तदाब आणि थायरॉइडही तपासले, कारण त्यांनीही भिंत जाड होऊ शकते. ते ठीक आहेत.

मी त्यांना विचारलं, गेल्या आठवड्यात ती कपाटावर चढत नव्हती तेव्हाच आणलं असतं तर? ते म्हणाले कदाचित एवढं पाणी झालं नसतं. मला खरं उत्तर हवं होतं आणि त्यांनी ते दिलं.

आज रात्रही तिथेच ठेवणार. मी पेटीच्या काचेला हात लावला तर तिने आतून डोकं घासलं.

माळरान | ४:०५

त्या चार-पाच दिवसांसाठी स्वतःला दोष देऊ नका. मांजर आजार लपवतं. धापेची सगळी तयारी आत होत असते आणि वरून ते फक्त थोडं कमी खेळतं, थोडं जास्त झोपतं. हा आजार झालेली कितीतरी मांजरं हृदयाच्या ठोक्यातही काही दाखवत नाहीत, स्टेथोस्कोप लावून मलाही कळत नाही.

एक गोष्ट आजच सांगून ठेवते, कारण ऐन वेळी सांगायला उशीर झालेला असतो. तो कप्पा फुगला की आत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून बहुतेक वेळा मागच्या पायांच्या रक्तवाहिनीत अडकते. मांजर अचानक किंचाळतं, मागचे पाय ओढतं, पंजे थंडगार लागतात. तसं दिसलं तर लकवा, मोच असा विचार करत बसायचं नाही, तसंच उचलून निघायचं. रक्त पातळ करायची गोळी त्यासाठीच दिली असेल.

अबोली | मंगळवार, रात्री ९:३०

मनी रविवारी संध्याकाळी घरी आली. लघवीची गोळी दिवसातून दोनदा आणि रक्त पातळ करायच्या क्लोपिडोग्रेलच्या ७५ च्या गोळीचा पाव भाग रोज रात्री. ती दुसरी गोळी भयंकर कडू आहे. पहिल्या दिवशी तिच्या तोंडाला फेस आला, मला वाटलं परत काहीतरी झालं. काही उपाय?

मीरा_वडोदरा | ९:४१

औषधाच्या दुकानात रिकाम्या कॅप्सूल मिळतात, सगळ्यात लहान मापाची घ्या. पाव गोळी आत बंद करा, कॅप्सूलला किंचित तूप लावा, म्हणजे घशात चिकटत नाही. वरून सिरिंजने चमचाभर पाणी.

अबोली | पाच आठवड्यांनंतर, रविवार

कॅप्सूलने काम झालं, मीराताई. तुपाच्या वासाने ती आता स्वतः जवळ येते.

फ्रीजवर वही अडकवलीय. ती गाढ झोपली की रोज रात्री श्वास मोजायचे आणि लिहायचे. २२, २४, २१, २६. डॉक्टरांनी सांगितलंय, झोपेत तीसच्या वर गेले तर तासाभराने परत मोजायचे, तेव्हाही वर असले तर फोन. अकराव्या दिवशी ३४ आले होते. परत मोजले, ३६. रात्रीच फोन केला, गोळी वाढवली, दोन दिवसांत खाली आले. हे वही नसती तर मला कळलंच नसतं, कारण त्या दिवशी ती व्यवस्थित जेवली होती.

वही आता सासूबाई लिहितात. मी सांगायच्या आधीच चष्मा लावून मनीजवळ बसलेल्या असतात, हातात आबांचं जुनं घड्याळ.

पुन्हा पाणी होऊ शकतं, आजार बरा होणारा नाही, हे आम्हाला माहीत आहे. आणि काल ती कपाटावर चढली. एका उडीत नाही, आधी खुर्ची, मग टेबल, मग वर.

नवा_सभासद_कोल्हापूर | त्याच रात्री, १०:५२

धागा आत्ता पूर्ण वाचला. आमचं पर्शियन मांजर आहे, चार वर्षांचं. चपट्या नाकामुळे श्वासाचा आवाज नेहमीच येतो म्हणून लक्ष दिलं नाही. वाचता वाचता मोजले. झोपलेली नाही, बसून आहे, ५२ येतायत. कोपरं तुम्ही लिहिलंय तशीच बाहेर आहेत. उद्या सुट्टी आहे, सकाळी नेऊ का?

अबोली | १०:५४

नको, आत्ताच निघा. आवाज नेहमीचा असेल, ५२ नेहमीचे नाहीत. आधी फोन करा, ऑक्सिजन आहे का विचारा, नसेल तर दुसरीकडे. गुंडाळू नका, पाणी पाजू नका.

माळरान | १०:५६

अबोली म्हणते तसंच करा. तोंड उघडलंय का? हिरड्यांचा रंग कसा आहे?

नवा_सभासद_कोल्हापूर | १०:५८

तोंड बंद. हिरड्या फिक्या वाटतायत. एक दवाखाना मिळाला, या म्हणाले.

नवा_सभासद_कोल्हापूर | ११:२७

पोचलो. आत घेतलं तिला.